चवड्यावर उभं राहून बघा

(दृश्य: न्हाणीघराबाहेरची शहाबादी फरशी. त्यावर ओली पावलं उमटत जातात.)

अंघोळ करून बाहेर आलं की फरशीवर पावलं उमटतात. बहुतेकांच्या ठशात टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूला एक खोबण असते. तिथं फरशी कोरडी राहते. काहींचा मात्र अख्खा तळवा उमटतो, मध्ये कुठेही खंड नाही.

हेच सपाट पाऊल. दवाखान्यात त्याला फ्लॅट फूट म्हणतात. हा शब्द कानावर पडला की आईबाप धास्तावतात, आणि भरतीची तयारी करणारी पोरं रात्र रात्र झोपत नाहीत. धास्तावण्याआधी एवढंच करायचं: चवड्यावर उभं राहायचं, आणि कुणाला तरी मागून बघायला सांगायचं.

(दृश्य: मागून दिसणारे दोन घोटे. टाचा हळूहळू वर जातात.)

नीट बघा. आत्ता घोटा आत झुकलाय, तळवा जमिनीला टेकलाय. आता टाचा उचलल्या... आणि कमान उभी राहिली! टाचही आत वळली.

पायाच्या तळाला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. बोटं वर वळली की तो पट्टा बोटांच्या मुळाशी ताणून गुंडाळला जातो, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा. मग टाच आणि चवडा एकमेकांजवळ ओढले जातात, मधला भाग उचलला जातो. हिक्स या ब्रिटिश अभ्यासकानं १९५४ साली हे मांडलं, तेव्हा त्यानंही रहाटाचीच उपमा घेतली होती. जोडीला पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरणारी एक कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती कमानीला वरून धरून ठेवते.

उभं राहिल्यावर सपाट आणि चवड्यावर गेल्यावर कमानदार, असं पाऊल दुखत नसेल तर तो आजार नाही. उंच माणूस, बुटका माणूस, तसंच हे.

(दृश्य: अंगणात अनवाणी खेळणारी मुलं.)

लहान मुलांचं तर जवळजवळ सगळ्यांचंच पाऊल सपाट असतं. तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात. कमान पहिल्या दहा वर्षांत सावकाश तयार होते. तरीही कित्येक घरांत चार वर्षांच्या पोराच्या पायात जड बूट चढतात. अमेरिकेत अशा मुलांना तीन वर्षं खास बूट आणि आतल्या गाद्या देऊन पाहिल्या. १९८९ साली निष्कर्ष आला: ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांची पावलंही तेवढीच सुधारली होती.

आपल्या शेजारचा, कर्नाटकातल्या मणिपालचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी २३०० मुलांचे ठसे तपासले. १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलं ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सगळ्यात जास्त, चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणून घरात, अंगणात, मातीत पोरांना अनवाणी खेळू द्या.

(दृश्य: पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी मुलं.)

भरतीच्या पोरांचं दुखणं वेगळं. निमलष्करी दलांच्या जाहिरातीत फ्लॅट फूट नसावा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीचे निकष मात्र फरक करतात: चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत दिसते, चवड्यांवर धावता, उड्या मारता येतात, पाऊल लवचीक आहे आणि दुखत नाही, तर चालतं. म्हणून ग्राउंडवर दोन वर्षं घालवण्याआधी आपल्या जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचा आणि पाय दाखवून घ्या. पंधरा दिवसांत कमान आणून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. व्यायामानं ताकद वाढते, दुखणं कमी होतं. हाडांची ठेवण पंधरा दिवसांत बदलत नाही.

चवड्यावर उभं राहूनही कमान आलीच नाही, पाऊल ताठ राहिलं, दुखतंय, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंच. कधी कधी पावलातली दोन हाडं जन्मतःच जोडलेली असतात, आणि ते दुखणं शाळेच्या शेवटच्या वर्षांत डोकं वर काढतं.

(दृश्य: दाराशी काढून ठेवलेल्या चपला. डावीची आतली कड झिजलेली.)

ही माझ्या आईची चपल. पंचावन्नाव्या वर्षी तिच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला सूज यायला लागली. सहा महिने ती बाम चोळत राहिली. मागून पाहिलं तर उजव्या पायाचं फक्त करंगळीचं टोक दिसायचं, डाव्याची तीन बोटं. त्या एका पायावर तिला टाच उचलता येत नव्हती. कमान धरून ठेवणारी ती कंडरा थकली होती. चाळिशीनंतर, वजन जास्त असलेल्या बायकांत हे बरंच आढळतं. लवकर कळलं तर बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय भागतं. आम्ही सहा महिने वाया घालवले, याची मला आजही हळहळ वाटते.

मधुमेह असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं दिसलं, भले दुखत नसलं तरी. आतली हाडं खचत असू शकतात. त्या पायावर भार देणं बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

(दृश्य: भिंतीला हात टेकवून उभी बाई.)

आईला आधी बुटात घालायची आधाराची गादी दिली. तिनं कंडरेवरचा ताण उतरतो. गादी काढली की पाऊल पुन्हा सपाटच, पण दुखऱ्या पायाला तेवढी उसंत लागते. मग पोटरीचा ताण, कारण पोटरी आखडलेली असली की टाच टेकवण्यासाठी कमानीलाच खचावं लागतं. हात भिंतीला, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर घट्ट, बोटं समोर. ती बाहेर वळली की ताण पोटरीवर न येता कमानीवर येतो. तीस सेकंद, तीन वेळा, बूट घालूनच.

नंतर खुर्चीत बसून तळवा आखडायचा: बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचं. पहिले आठ दिवस आईला काही जमेना, नुसती बोटंच वळायची. मग एके दिवशी तळव्याखाली जरा उजेड दिसला.

शेवटी टाचा उचलणं. दोन्ही टाचांमध्ये रबरी चेंडू दाबून धरायचा, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. दुखलं तर कमी करायचं, सोडायचं नाही. साधारण तीन महिन्यांनी ती एका पायावर टाच उचलायला लागली. ठसा अजून सपाटच उमटतो. ती बाजारातून चालत येते, पिशवी घेऊन.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्याला धरून उभी आई, गॅसवर दुधाचं पातेलं.)

सकाळी दूध तापत ठेवलं की तिच्या टाचा वर जातात. दूध वर येईपर्यंत पंधरा होतात.