नागपूरचा फुटबॉल कोच आणि नॅशव्हिलचं लंच काउंटर

नमस्कार मंडळी, झाली का जेवणं? आज एका फुटबॉल कोचची गोष्ट सांगतो. आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1953 पासून तीनेक वर्षं एक काळा अमेरिकन तरुण होता, जेम्स लॉसन. कोरियाच्या युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नाही म्हणाला म्हणून आधीच तुरुंगवारी झालेली, आणि इथे मिशनतर्फे येऊन पोरांना फुटबॉल शिकवत शिकवत गांधींचा सत्याग्रह नेमका चालतो कसा ते हा समजून घेत होता. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याला कुठे कळली, तर आपल्या 'नागपूर टाइम्स'मध्ये!

परत गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेत ये. हा गेला तिथल्या नॅशव्हिल शहरात. तिथे काळ्या माणसाचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात चालायचे, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर, म्हणजे स्टुलावर बसून खायच्या जागी, त्याने बसायचं नाही.

मग लॉसनने चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरांची तालीम सुरू केली. अर्धी पोरं गोरे गुंड व्हायची, शिव्या घालायची, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायची, खुर्चीवरून ओढायची, आणि उरलेल्यांनी हात उचलायचा नाही. लोक म्हणतात अहिंसा म्हणजे नुसतं मार खाणं, अहो आपल्याला सिग्नलवर कुणी कट मारला तरी तोंडातून काय काय निघतं, ते आठवा जरा.

13 फेब्रुवारी 1960 ला शंभरावर विद्यार्थी टापटीप कपड्यात काउंटरवर जाऊन बसले. 27 तारखेला मारहाण झाली, पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्यांना उचललं, तर रिकाम्या स्टुलांवर लगेच पुढची रांग येऊन बसली! 50 डॉलर दंड भरा म्हटलं तर पोरं म्हणाली नाही भरत, तुरुंगात जातो. तिकडे काळ्या घरांनी ऐन ईस्टरच्या तोंडावर बाजारातली खरेदीच बंद केली, आणि खरं सांगू, दुकानदारांना ते जास्त झोंबलं.

19 एप्रिलला या विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या, म्हणजे लूबींच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता सिटी हॉलपर्यंत चालत गेले. तिथे या विद्यार्थ्यांची एक पुढारी डायन नॅश, वय 21, तिने महापौर बेन वेस्टना सगळ्यांसमोर विचारलं, रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर हो म्हणून बसले.

10 मेला त्याच काउंटरवर काळ्या गिऱ्हाइकांची ऑर्डर घेतली गेली.