समोर बसून केलेली सही

(मुलं-नातवंडं परदेशी असलेल्या पालकांसमोर एका वकील-नोटरी बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझ्या हातात आहे तो माझ्या भाच्याचा जन्मदाखला. पुढची बाजू तुमच्या ओळखीची आहे, महापालिकेच्या दाखल्यासारखा दाखला. मला दाखवायची आहे ती मागची बाजू. इथे एक चौकोनी स्टिकर आहे. वर फ्रेंचमध्ये एक ओळ, त्यात ५ ऑक्टोबर १९६१ ही तारीख, आणि खाली एक ते दहा क्रमांक टाकून माहिती भरलेली. याला अपॉस्टिल म्हणतात. भाचा इटलीला शिकायला निघाला तेव्हा हा करून घेतला.

हे दहा मुद्दे मी परत परत वाचले आहेत. माझा भाचा त्या तारखेला जन्मला हे खरं आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. या कागदावर सही करणारा अधिकारी खरा आहे, तो सांगतो त्या पदावर होता आणि शिक्का त्याच्याच कार्यालयाचा आहे, एवढंच हे स्टिकर सांगतं. मजकुराची जबाबदारी ते घेत नाही. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं याच्याभोवती फिरतं, म्हणून आधी हा कागद दाखवला.

पूर्वी काय व्हायचं? इथल्या कागदावर इथल्या अधिकाऱ्याची सही. ती सही खरी आहे असं त्याच्या वरचा अधिकारी सांगणार, त्याची सही खरी आहे असं परराष्ट्र मंत्रालय सांगणार, मंत्रालयाची सही खरी आहे असं त्या देशाची इथली वकिलात सांगणार, आणि वकिलातीची सही खरी आहे का ते तिकडचं मंत्रालय बघणार. स्टिकरवर ज्याची तारीख आहे त्या १९६१च्या देशादेशांमधल्या हेगच्या करारानं शेवटच्या दोन कड्या काढून टाकल्या. करारातल्या एका देशानं अपॉस्टिल लावलं की दुसऱ्या देशानं ते मानायचं, मध्ये वकिलात नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ला लागू झाला. आज सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत. चीन २०२३च्या नोव्हेंबरात आला, कॅनडा २०२४च्या जानेवारीत. म्हणून सांगते, पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या मुलीनं कॅनडासाठी जे केलं, ते तुमच्या मुलासाठी आज लागू असेलच असं नाही.

पण साखळी तुटली ती परदेशाच्या बाजूची. आपल्या बाजूची तशीच आहे. जन्म, लग्न, प्रतिज्ञापत्र असे वैयक्तिक कागद आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडे जातात, म्हणजे आपल्याला मुंबईचं मंत्रालय. पदवी आणि गुणपत्रिका शिक्षण विभागाकडे. व्यापाराचे कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडे. तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडे ठेवलेला असतो. दिल्लीतला माणूस तुमचा दाखला वाचत बसत नाही, तो सही नमुन्याशी ताडून बघतो. जुळली की स्टिकर. हे काम २०१९पासून मुंबईसह काही शहरांतल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शाखांतूनही होतं. कागद मात्र मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच द्यावा लागतो, २०१२पासून काउंटरवर थेट घेत नाहीत. अपॉस्टिलची सरकारी फी एका कागदाला पन्नास रुपये आहे. एजन्सीचं सेवाशुल्क वर थोडं असतं. हा आकडा लक्षात ठेवा. एका आजींकडून एका दलालानं एका दाखल्याचे आठ हजार घेतले होते, आणि त्या माझ्याकडे आल्या ते पैसे कमी पडले म्हणून वाईट वाटून. मला अजूनही तो राग जात नाही.

अमिराती, कतार, कुवेत हे देश करारात नाहीत. आपली कितीतरी मुलं तिथेच आहेत. तिथे जुनीच साखळी: परराष्ट्र मंत्रालयाचं साधं ॲटेस्टेशन (साक्षांकनाचा शिक्का), मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, मग तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. सौदी मात्र २०२२च्या डिसेंबरपासून करारात आहे, आणि ओमान, बहरीन त्याही आधीपासून. ‘गल्फला पाठवायचंय’ असं म्हणून चालत नाही, देशाचं नाव सांगावं लागतं. जर्मनीची गोष्ट आणखी वेगळी. जर्मनी करारात आहे, भारतही आहे, पण भारत आला तेव्हा जर्मनीनं आक्षेप घेतला, त्यामुळे या दोघांमध्ये करार लागूच होत नाही. तिथल्या नोंदणी कार्यालयाला शंका वाटली तर ते इथल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदाची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतात. त्यात महिने जातात. लग्नाची तारीख ठरवून मग कागदाकडे वळलेली दोन कुटुंबं मी पाहिली आहेत.

आता माझ्या कामाकडे येते.

नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा माणूस, असं बऱ्याच जणांना वाटतं. १९५२चा नोटरी कायदा आहे. साधारण दहा वर्षं वकिली केलेल्यालाच, स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना सात, केंद्र किंवा राज्य सरकार नोटरी नेमतं. आमच्या शिक्क्यावर नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. आमच्याकडे एक नोंदवही असते, तिच्यात प्रत्येक कामाची नोंद करून सही करणाऱ्याची सही घ्यावी लागते. प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, असेल तर त्या सगळ्या साखळीची पहिली कडी मी असते. माझ्यानंतरचे सगळे जण फक्त आधीच्या सहीकडे बघतात. गृह विभाग माझ्या सहीकडे बघतो, दिल्ली गृह विभागाच्या सहीकडे, परदेशातलं कार्यालय दिल्लीच्या स्टिकरकडे. ज्याचा कागद आहे त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणारी या सगळ्यात मी एकटी. मी त्याचं ओळखपत्र बघते, त्याला कागद समजला आहे का विचारते, आणि तो माझ्यासमोर सही करतो. तेवढा एक क्षण खरा असेल तर पुढच्या सगळ्या शिक्क्यांना अर्थ आहे.

म्हणून मी सही केलेला कागद घेत नाही. एक काका आले होते. मुलगा दुबईला, त्यानं मुखत्यारपत्रावर सही करून कागद कुरियरनं पाठवला. काका म्हणाले, ‘ताई, सही त्याचीच आहे, मी बाप आहे, मी सांगतो ना.’ मी नाही म्हटलं. ते रागावून गेले, आणि गल्लीच्या टोकाला त्यांना शिक्का मिळाला, दोनशे रुपयांत, मुलाला न बघता. सहा महिन्यांनी व्यवहार अडला, कारण समोरच्या वकिलानं मुलाच्या पासपोर्टवरच्या तारखा काढल्या. ज्या दिवशी मुलानं इथे नोटरीसमोर सही केली असं कागदावर लिहिलं होतं, त्या दिवशी तो भारतात नव्हताच. मुलाची काही चूक नव्हती. घर विकायचं त्याच्या मनात खरंच होतं. तरी तो कागद खोटा ठरला. काका परत आले तेव्हा माझ्यासमोर बसून रडले, आणि मला काही करता आलं नाही.

कृपा करून असा शिक्का घेऊ नका. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, आणि कोणी ओळखीनं देतो म्हणाला तरी घेऊ नका.

दुसरी अडचण नावांची, आणि ती आपली खास मराठी अडचण आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर दोन रकाने. आधारवर आणखी वेगळं. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं पासपोर्टवर, कुणाचं लग्नात पहिलं नावच बदललेलं, आणि पदवीवर अजून तिसरं. आपल्याला वाटतं, सगळ्यांना कळतंच की ही तीच. तिकडच्या खिडकीतल्या बाईला ते कळण्याचं काही कारण नाही. तिच्यासाठी ही तीन माणसं आहेत. यासाठी ‘ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करतात आणि जमेल तिथे राजपत्रात नाव बदलून घेतात. लग्नाच्या नोंदणीचा दाखला असेल तर माहेर-सासर जोडणारा तोच सगळ्यात भक्कम कागद. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी लग्नाची नोंदणी केलीच नव्हती. पन्नासाव्या वर्षी, मुलीकडे जायचं म्हणून, नवऱ्याबरोबर नोंदणीला उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नसतं. ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं, कारण बारसं नंतर झालं आणि ग्रामपंचायतीत परत कोणी गेलं नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर, ठरलेल्या मुदतीत, नोंदवायची सोय आहे. ते आधी करून घ्या, मग नवा दाखला काढा. नावाचा रकाना रिकामा असलेल्या दाखल्यावर कितीही शिक्के मारले तरी तो तुमचा होत नाही.

गोव्याकडचे काही जण इथे बसले आहेत म्हणून सांगते. पोर्तुगीज काळातल्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्म नोंदवायचा असेल तर सारांश दाखला पुरत नाही, नोंदवहीतला संपूर्ण मजकूर उतरवलेला दाखला लागतो. इथे पुण्या-नाशकात मराठी दाखला असेल तर भाषांतर लागतं. भाषांतर कोणी करायचं, इथल्या माणसानं की तिकडच्या शपथबद्ध भाषांतरकारानं, हे तिकडचं कार्यालय ठरवतं. आधी भाषांतर करून मग अपॉस्टिल घेतलं आणि तिकडे विचारलं, ‘अपॉस्टिलचं भाषांतर कुठे आहे?’ असंही होतं. म्हणून मी अशिलांना सांगते, तिकडच्या कार्यालयाला आधी ईमेल करा आणि लेखी उत्तर मागवा. मूळ कागद हवा की नोटरीची खरी नक्कल? दाखला किती महिन्यांच्या आतला हवा? भाषांतर कुठलं? उत्तर आलं की तो ईमेल छापून माझ्याकडे घेऊन या. त्या एका कागदामुळे माझं निम्मं काम होतं.

आणि लॅमिनेशन! आपल्या आयांनी सगळी सर्टिफिकेटं प्रेमानं लॅमिनेट करून ठेवली आहेत. त्याच्यावर शिक्का उमटत नाही, स्टिकर नीट बसत नाही. सोलायला गेलं की कागद फाटतो. मग विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागते. घरी गेल्यावर कपाट उघडून एकदा बघा, आणि यापुढे नुसत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

इथे मागे बसलेल्या एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे. मुलगी कॅलिफोर्नियात आहे, तिच्या नावावरचा इथला फ्लॅट विकायचा आहे, ती येऊ शकत नाही, काय करायचं. चांगला प्रश्न आहे, कारण तो उलट्या दिशेचा आहे.

तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. तिच्या भागासाठी असलेल्या भारतीय वकिलातीत जाऊन तिथल्या अधिकाऱ्यासमोर मुखत्यारपत्रावर सही करायची. आपल्या वकिलातींमधल्या अधिकाऱ्यांना १९४८च्या कायद्यानं नोटरीचे अधिकार आहेत. वकिलातीनं केलेल्या कागदाला अपॉस्टिल लागत नाही, हेगच्या करारानं असे कागद वगळलेलेच आहेत. दुसरा रस्ता, तिथल्या नोटरीसमोर सही करून सॅक्रामेंटोहून, म्हणजे राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल. शक्य असेल तर मी पहिला सुचवेन. दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे मालमत्तेचे कागद नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर वकिलातीचा शिक्का ओळखीचा असतो. नोंदणी कायद्याच्या कलम ३३मध्ये परदेशी राहणाऱ्यांसाठी नोटरी आणि भारतीय वकिलात दोन्ही दिलेले आहेत. इथे राहणाऱ्यांना मात्र खरेदीखत नोंदवण्यासाठी नुसतं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र चालत नाही, ते निबंधकासमोर करावं लागतं. आजारपणामुळे जाता येत नसेल तर निबंधक घरी येऊन तपासू शकतात, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

मुखत्यारपत्रात फ्लॅटचा पूर्ण पत्ता, क्षेत्रफळ, सोसायटीचं नाव, आणि तुम्हाला नेमके कुठले अधिकार दिले ते लिहा: करार करायचा, पैसे स्वीकारायचे, निबंधकासमोर हजर राहायचं. ‘सर्व व्यवहार’ असं मोघम लिहिलं की बँक परत पाठवते. प्रत्येक पानावर तिची सही, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको.

आणि काका, कागद तुमच्या हातात पडला की त्याच दिवसापासून मुदत सुरू होते. परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरियरचा लिफाफा फेकू नका. कागद कधी आला हे सांगणारी तारीख त्याच्यावरच असते. मुखत्यारपत्राबरोबरच, त्याच फाइलमध्ये, तो लिफाफा ठेवा.