आधी पाणी निवडा: बोडनझे आणि ऱ्हाईनच्या काठाने दोघांची सायकल ट्रिप

नमस्कार मंडळी. आमची ट्रिप ऐकली की लोक सगळ्यात आधी किलोमीटर विचारतात, रोज किती व्हायचे, अॅव्हरेज स्पीड किती पडला वगैरे. आज त्यावर मी फार बोलणार नाहीये, कारण माझं सरळ म्हणणं असं आहे की नवरा-बायकोने सायकलवर सुट्टी घालवायची असेल तर किलोमीटर नंतर ठरवा, आधी पाणी निवडा. एखादं मोठं सरोवर, एखादी नदी, आणि तिच्या कडेकडेने जा. काठचा रस्ता बहुतेक सपाट असतो, दम लागत नाही म्हणून बोलणं होतं, आणि रस्ता चुकलात तरी पाणी कुठल्या हाताला आहे ते बघितलं की परत लागतो.

आम्ही निवडलं ते बोडनझे, इंग्रजीत ज्याला लेक कॉन्स्टन्स म्हणतात, आणि त्याच्यातून आत येऊन बाहेर पडणारी ऱ्हाईन नदी. सरोवर ५३६ चौरस किलोमीटरचं आहे, सगळ्यात खोल जागी २५१ मीटर, काठावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश. आणि गंमत बघा, त्याच्या मोठ्या भागात, म्हणजे ओबरझेमध्ये, या तिघांनी सीमारेषा कुठून जाते हे आजपर्यंत करार करून ठरवलेलंच नाही, आणि तरी कुणाचं काही अडत नाही. भोवतीचा सायकल रूट साधारण २६० किलोमीटरचा आहे. झुरिक विमानतळावरून ट्रेनने तासा-सव्वा तासात काठावरच्या कॉन्स्टान्झ या जर्मन शहरात पोचता येतं, सायकली तिथे भाड्याने मिळतात, मागे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लावायच्या बॅगाही त्यांच्याकडेच असतात, आणि तुम्ही सांगितलंत तर तुमची मोठी बॅग एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात गाडीने पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. ह्यांना ते पटत नव्हतं, सायकलवर फिरायचं तर सामान आपणच वाहायचं असं ह्यांचं म्हणणं, मी म्हटलं अहो आपल्याला कुणी मेडल देणार नाहीये. बॅग गाडीने गेली.

आता एक महत्त्वाचं. सरोवराला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरा. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे या दिशेने गेलात की पाणी कायम तुमच्या उजव्या हाताला राहतं आणि तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये ट्रॅफिक येत नाही. आपण आयुष्यभर डावीकडून चालवलेली माणसं, पहिल्या दिवशी प्रत्येक चौकात डोकं लावावं लागतं, पण पाणी उजवीकडे ही एक खूण धरून ठेवली की हळूहळू अंगवळणी पडतं.

आणि दुसरं, हे जोडप्यांसाठी खास सांगते. जो हळू चालवतो त्याने पुढे राहायचं. आमच्यात मी हळू. मी मागे राहिले असते तर दिवसभर ह्यांची पाठ गाठण्यात गेला असता आणि ह्यांचा दिवस मागे वळून बघण्यात. मी पुढे असले की वेग माझा, थांबायचं कुठे तेही माझं, आणि ह्यांना निवांत आजूबाजूला बघता येतं. पहाडी रस्त्यावर हे जमत नाही, चढ आला की ज्याच्या पायात जोर तो आपोआप पुढे निघून जातो. काठच्या रस्त्यावर जमतं. इलेक्ट्रिक सायकलही मिळते, ताशी २५ किलोमीटरपर्यंत मोटर मदत करते, गुडघ्यांचा त्रास असेल तर बिनधास्त घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कॉन्स्टान्झहून निघाल्यावर राइशेनाउ बेट लागतं, दोन्ही बाजूंना उंच झाडं असलेल्या सरळ रस्त्याने सायकलवरच आत जाता येतं. आठव्या शतकातला मठ आहे, वर्ल्ड हेरिटेज आहे, पण मला लक्षात राहिली ती तिथली भाजी. बेटभर काकड्या, टोमॅटो, सॅलडची पानं, आणि घरांच्या फाटकापाशी टेबलावर माल मांडून शेजारी पैशाचा डबा ठेवलेला, माणूस कुणीच नाही. आपण घ्यायचं, नाणी टाकायची, पुढे जायचं. पुढे सफरचंदांच्या बागांतही हेच. आम्ही दुपारचं जेवण असंच करायचो, काकडी-टोमॅटो चिरून, बेकरीतला ब्रेड, आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. रात्री केझेश्पेट्झले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या बारीक शेवयांसारखं काहीतरी, त्यात भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा. अंडं खात नसाल तर विचारून घ्या. आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, शनिवारीच काय ते घेऊन ठेवा.

उत्तर काठावर झिप्लिंगन नावाचं छोटं गाव आहे. बाहेरून बघितलं तर काहीच कळत नाही, पण तिथे सरोवरात ६० मीटर खोलीवरून पाणी उचलतात, ते डोंगरावर चढवतात, शुद्ध करतात आणि पाइपलाइनने पार श्टुटगार्टच्याही पुढे नेतात, साधारण ४० लाख लोक ते पाणी पितात. आता हे पाणी असं पिण्यासारखं आपोआप राहिलेलं नाही. सत्तरच्या दशकात कपडे धुण्याच्या पावडरीतलं आणि सांडपाण्यातलं फॉस्फेट जाऊन जाऊन सरोवर शेवाळाने भरायला लागलं होतं. काठावरच्या देशांनी १९५९ मध्येच एक संयुक्त आयोग नेमलेला होता, मग काठाच्या गावागावांतून सांडपाण्याचे प्लांट उभे राहिले, स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट वापरायला बंदी घातली, आणि पाणी खरोखर सुधारलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण काठाने सायकल चालवतो, वाटेल तिथे थांबून पाण्यात पाय सोडतो, पोहतो, त्याच्यामागे कितीतरी वर्षांचं चिकाटीचं काम आहे. काम संपलंय असंही नाही. क्वागा नावाचा बाहेरून आलेला शिंपला २०१६ मध्ये इथे सापडला आणि बघता बघता सगळीकडे पसरला, पाइपांच्या आत जाऊन बसतो. आणि फेल्शन नावाचा इथला खास मासा इतका कमी झाला की २०२४ पासून तीन वर्षं त्याची मासेमारीच बंद ठेवायचं ठरलं.

मेर्सबुर्ग, फ्रीडरिशहाफेन ही गावं सुंदर आहेत, फ्रीडरिशहाफेनला झेपेलिनचं, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या प्रचंड हवाई जहाजांचं म्युझियम आहे, पहिलं झेपेलिन २ जुलै १९०० ला याच पाण्यावरून उडालं. पण खरं सांगू का, उत्तर काठावर गर्दी फार आहे, काही ठिकाणी रूट हमरस्त्याला लागून जातो, काही ठिकाणी खाजगी बंगल्यांमुळे पाणी दिसतही नाही. तो भाग भरभर करा.

लांगेनआर्गेनच्या जवळ मात्र एक गोष्ट बघितली. दुपारचं ऊन होतं, वारा नाही, आणि किनाऱ्यावरच्या खांबावरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. सरोवराभोवती असे दिवे लावलेत, मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोराचा वारा येऊ शकतो, ९० वेळा झाला तर वादळ. आम्ही आपले घड्याळ लावून मोजतोय, तोवर शिडाच्या होड्या एकेक करून परत फिरायला लागल्या. वीसेक मिनिटांत दिव्याच्या लुकलुकण्याचा वेग वाढला आणि मग पलीकडच्या डोंगरावरून काळं आभाळ उतरताना दिसलं. आम्ही एका बोट क्लबच्या पत्र्याखाली तास-दीड तास बसलो, हातात हात घेऊन, काही न करता. घरी असं कधी बसलो होतो ते आठवेना.

लिंडाऊचं बंदर, ब्रेगेन्झचं पाण्यावरचं स्टेज, हे तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत दिसेल. त्याच्या पुढचं मला सांगायचंय. ब्रेगेन्झनंतर हार्ड नावाचं गाव लागतं आणि हार्ड आणि फुसाख या दोन गावांच्या मध्ये पूल आहे, त्याच्याखालून ऱ्हाईन येते. आल्प्समधून सगळा गाळ घेऊन येते, पाणी अगदी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं, आणि थंडगार. पूर्वी ती वळणं घेत वेगळ्या वाटेने सरोवराला मिळायची, दर काही वर्षांनी पूर यायचा, दोन्हीकडची गावं बुडायची. मग १८९२ मध्ये ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने करार केला, १९०० मध्ये तिला इथून सरळ वाट काढून दिली, आणि तिचा गाळ किनाऱ्याजवळच साठून खाडी बुजू नये म्हणून दोन्ही बाजूंचे बांध सरोवरात आणखी आणखी पुढे नेत राहिले. त्या बांधावरून अगदी टोकाच्या दिशेने जाता येतं. एका बाजूला राखाडी नदी, दुसऱ्या बाजूला निळं सरोवर, मध्ये तुम्ही. टोकाला नदीचं पाणी सरोवरात शिरतं आणि एका रेषेवर चक्क गायब होतं, कारण गार आणि गाळाने जड असल्यामुळे ते वर तरंगत नाही, खाली बुडी मारतं. ती रेषा आम्ही किती वेळ बघत होतो काय सांगू. या मोठ्या भागात आलेलं पाणी सरासरी चार वर्षांच्या वर इथेच राहतं आणि मग पुढे निघतं. म्हणून मी म्हणते नुसती प्रदक्षिणा घालून परत येऊ नका, हे पाणी पुढे कसं बाहेर पडतं ते बघायला जा.

स्विस काठ शांत आहे. रूट रेल्वेला लागून लागून जातो, दर काही किलोमीटरवर स्टेशन, दमलात तर सायकलचं तिकीट काढून ट्रेनमध्ये चढा. लाल-तपकिरी पाट्यांवर पांढरी सायकल आणि रूटचा नंबर असतो, ऱ्हाईनचा नंबर २, तो धरला की मॅप उघडायचीही गरज पडत नाही. राहायला खायला महाग आहे, आम्ही मुक्काम शक्य तिथे जर्मन बाजूला केले.

क्रॉयझलिंगन आणि कॉन्स्टान्झ ही खरं तर चिकटलेली शहरं, एक स्विस, एक जर्मन. मध्ये पूर्वी कुंपण होतं, ते काढून तिथे २२ शिल्पं उभी केलीत आणि लोक त्यांच्यातून इकडे तिकडे जातात. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तिथे परत कुंपण आलं, आणि कुंपणातून लोक हात धरायला लागले म्हणून थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण लावलं. नवरा एकीकडे बायको दुसरीकडे, प्रेमात असलेली मुलंमुली, सगळे खुर्च्या घेऊन येऊन समोरासमोर बसायचे. मे महिन्यात ते निघालं. आता शिल्पांच्या भोवती नुसतं गवत आहे, कुंपणाची काही खूण नाही. आम्ही दोघं सायकली हातात धरून दोन-तीनदा इकडून तिकडे गेलो, उगाचच.

तिथून पुढे उंटरझे, सरोवराचा खालचा छोटा भाग, आणि इथून पुढचा रस्ता हा माझ्या मते सगळ्या ट्रिपचा जीव आहे. गर्दी कमी, लाकडी चौकटींची जुनी घरं, द्राक्षाचे मळे उतरत पाण्यापर्यंत आलेले. श्टाइन आम ऱ्हाईनला सरोवर संपतं आणि नदी परत सुरू होते, पुलावर उभं राहिलं की कळतं, पाणी ओढीला लागलेलं असतं. आणि रंग बघा! आत जाताना जी सिमेंटसारखी होती ती बाहेर येताना हिरवी, काचेसारखी, तळाचे गोटे मोजता येतील इतकी स्वच्छ. गाळ सगळा मागे राहिलेला. उन्हाळ्यात लोक रबरी होड्या घेऊन इथून प्रवाहाबरोबर खाली जातात, आम्ही काठाने आणि ते पाण्यातून, बराच वेळ बरोबर होतो, हात करत होते. डीसेनहोफेनला छप्पर असलेला जुना लाकडी पूल आहे, अर्धा पूल ओलांडला की जर्मनी.

आणि मग शाफहाउझेनच्या खाली ऱ्हाईनचा धबधबा. १५० मीटर रुंद, २३ मीटर उंच, आपल्या सह्याद्रीतल्या धबधब्यांपुढे उंची काहीच नाही, पण पाणी! उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी ६०० घनमीटर. काठावरच्या कठड्याला हात लावला तर तो थरथरत असतो. हे काहीतरी सांगत होते, मला एक शब्द ऐकू आला नाही.

परत येताना सायकली घेऊन शाफहाउझेनहून बोटीने क्रॉयझलिंगनपर्यंत जा. प्रवाहाच्या उलट असल्यामुळे साडेचार-पाच तास लागतात, पण जे सायकलवरून बघितलं ते पाण्यातून परत दिसतं. पाणी फार वाढलं तर डीसेनहोफेनच्या पुलाखालून बोट जात नाही आणि फार उतरलं तरी बंद होते, आदल्या दिवशी विचारून ठेवा.

सगळे विचारतात कधी जावं. जून माझ्या मते सगळ्यात चांगला, डोंगरावरचा बर्फ वितळत असतो म्हणून धबधब्याला जोर असतो, संध्याकाळ उशिरापर्यंत उजेड, आणि तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या पूर्ण सुरू झालेल्या नसतात. सफरचंद लगडलेली बघायची असतील तर सप्टेंबर. शेंगेन व्हिसा एकच, तिन्ही देशांना चालतो, पण अर्ज करताना मुक्काम ज्या देशात जास्त त्या देशाकडे करावा लागतो, तेव्हा हॉटेलं ठरवून मगच फॉर्म भरा. आमचा नकाशा त्या टेबलावर ठेवलाय, जिथे पेनाने गोल केलेत तिथे पाण्यात उतरायला चांगली जागा आहे, फोटो काढून घ्या, आणि काही विचारायचं असेल तर मी आणि हे दोघंही इथेच आहोत.