ग्लायडर ओळखताना

पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या जंगलात टॉर्चचा झोत वर फिरवला, की उंच फांदीवर दोन डोळे चमकतात आणि करड्या रंगाचा एक लहानसा प्राणी क्षणभर थबकतो. तो ग्लायडर आहे हे कळते. कोणता, हे ठरवणे अवघड असते. आपल्याकडच्या उडत्या खारीप्रमाणे तो हवेत तरंगत जात असला, तरी खारीशी त्याचे जवळचे नाते नाही. तो पिल्लांना पिशवीत वाढवणारा शिशुधान प्राणी आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो शुगर ग्लायडर आणि स्क्विरल ग्लायडर यांच्यात. स्क्विरल ग्लायडरचे वजन सुमारे २०० ते ३०० ग्रॅम, म्हणजे शुगर ग्लायडरच्या जवळजवळ दुप्पट भरते. मात्र रात्री, उंचावर, तुलनेला शेजारी काही नसताना आकारावर विसंबणे धोक्याचे. शिवाय स्क्विरलचे वाढते पिल्लूही लहानच दिसणार. त्यापेक्षा शेपटी पाहावी. स्क्विरलची शेपटी बुडाशी चांगलीच झुपकेदार असून टोकाकडे निमुळती होते, शुगरची बारीक आणि बरीचशी एकसारख्या जाडीची असते. शेपटीचे टोक पांढरे असेल, तर तो प्राणी बहुधा शुगरच असतो. पण टोक पांढरे नाही म्हणून तो स्क्विरल, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही, कारण कित्येक शुगर ग्लायडरांनाही ती खूण नसते. प्राणी समोर वळलाच, तर स्क्विरलचा लांबट चेहरा आणि पांढुरके पोट यांची मदत होते. आवाजही उपयोगी पडतो: छोट्या कुत्र्यासारखे एकसुरी भुंकणे ऐकू आले, तर ते शुगरचे.

हा काटेकोरपणा निव्वळ हौसेचा नाही. न्यू साउथ वेल्समध्ये स्क्विरल ग्लायडर संकटग्रस्तांच्या यादीत आहे, त्यामुळे चुकीच्या नोंदीने त्याचे वसतिस्थान दुर्लक्षित राहू शकते.

ग्रेटर ग्लायडर ओळखणे त्या मानाने सोपे आहे. त्याचा त्वचेचा पडदा कोपरापर्यंतच पोहोचतो, इतरांचा हाताच्या पंजापर्यंत ताणलेला असतो. म्हणून तरंगताना तो कोपरे दुमडलेला, त्रिकोणी दिसतो. पिवळ्या पोटाचा ग्लायडर तर दिसण्याआधीच त्याच्या कर्कश किंकाळीवरून कळतो.

खरी पंचाईत २०२० साली वाढली. त्या वर्षी, ज्याला शुगर ग्लायडर म्हणत होते त्याच्या तीन जाती मानल्या गेल्या आणि क्रेफ्ट्स ग्लायडर वेगळा झाला. शुगर आणि क्रेफ्ट्स यांना टॉर्चच्या उजेडात खात्रीने वेगळे करणे कठीण असल्याने, दोन्ही आढळू शकतील अशा भागात जातीचा रकाना मोकळा ठेवलेलाच बरा.