१७० व्होल्टवरची खंजिरी

(दृश्य : संध्याकाळ. संत्र्याच्या बागेतून मोटारींचा आवाज. घरात ट्यूबलाइट फडफडते.)

मोर्शी तालुक्यातलं हे आमचं घर डीपीपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, सगळ्यात लांब आहे. बागांच्या मोटारी सुरू झाल्या की ट्यूब आधी फडफडते, मग पिवळट पडते. आज मला याच वेळेला काम करायचं आहे.

टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात मी जोडलेला हेडफोन ॲम्प्लिफायर आहे. दुपारी त्याची तपासणी झाली, तेव्हा मीटरवर पूर्ण २३० व्होल्ट होते.

(दृश्य : मल्टिमीटरच्या पिना आउटपुटवर.)

हेडफोन लावायच्या आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, बघायचा. गाणं बंद असताना आउटपुटवर डीसी फार निघाला तर हेडफोनची नाजूक कॉइल जळते. इथे ४ मिलिव्होल्ट आले. चालतं.

मग मोबाइलवरून २०० हर्ट्झचा सूर सोडला. साधं मीटर वरच्या सुरांना बरोबर आकडा देईलच असं नाही, म्हणून एवढा खालचा. आउटपुटला काही न जोडता ५०० मिलिव्होल्ट. ३३ ओहमचा रेझिस्टर लावला तर ४७०. म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा साधारण २ ओहम. तो हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा सर्वसाधारण नियम आहे. माझा हेडफोन ३२ ओहमचा, त्यामुळे ४ पर्यंत चाललं असतं. मी खूश होतो.

(दृश्य : डोक्याला टोपी, हातात खंजिरी घेतलेले आबाजी.)

सामुदायिक प्रार्थना आटोपून आबाजी आले. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्याच जिल्ह्यातली. इथे खंजिरी घराघरांत असते. आबाजींनी ती जन्मभर वाजवली, त्यांचंच भजन मी मागच्या आठवड्यात रेकॉर्ड केलं होतं. कातड्यावरची थाप आणि चकत्यांची किणकिण एकाच क्षणी येते. ॲम्प्लिफायर पारखायला याहून चांगला आवाज मला तरी माहीत नाही.

शेजारी बॅटरीवर चालणारा एक विकतचा ॲम्प्लिफायर ठेवला. दोघांचं आउटपुट मीटर लावून एकाच आकड्यावर आणलं, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त गोड वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. कोणता चालू आहे ते आबाजींना सांगितलं नाही.

पहिला ऐकून ते काही बोलले नाहीत. दुसरा लावला, तसे डोळे मिटून म्हणाले, “मांगं कोन एकतारी वाजवून राह्यलं, बाबू?”

भजनात एकतारी नव्हती.

(दृश्य : विजेची लाट दाखवणाऱ्या छोट्या ऑसिलोस्कोपचा पडदा. लाइनचं मीटर : १७०.)

दुसरा ॲम्प्लिफायर माझा होता. पडद्यावर करवतीच्या दातांसारखी लाट होती, दर १० मिलिसेकंदांना एक दात. म्हणजे १०० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून ती दुप्पट, १०० हर्ट्झची होऊन निघते. तेव्हा दोष माझ्या पॉवर सप्लायचा होता. आत १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर. त्यातून १२ व्होल्ट बाहेर पडायला त्याला साधारण १४ व्होल्ट तरी मिळायला हवेत. २३० ला ते मिळतात, कारण एसीचे १२ व्होल्ट डीसी होताना लाटेच्या टोकापर्यंत चढतात. लाइन १७० वर आली की ११ च्या आसपास उरतात, रेग्युलेटर हात टेकतो आणि ती लाट थेट कानात जाते.

दुपारचे माझे सगळे आकडे खरे होते. पण आमच्या घरात गाणी ऐकायला सवड मिळते ती संध्याकाळी, आणि त्या वेळी मी एकदाही मोजलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

(दृश्य : सोल्डरिंगचा धूर.)

अमरावतीहून १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला. दुपारी, पूर्ण व्होल्टेजला रेग्युलेटर तापतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली.

(दृश्य : पुन्हा संध्याकाळ. मोटारी सुरू. मीटर : १७०.)

पडद्यावर सरळ रेघ. आबाजींच्या कानाला हेडफोन. एक भजन पूर्ण होतं, ते काही बोलत नाहीत. मग पुन्हा लावायला खुणावतात.

“एकतारी गेली,” ते म्हणतात. “पन माही थाप पाय, दुसऱ्या कडव्यात ढिली पडून राह्यली.”

आणि मांडीवरची खंजिरी उचलून ते तेवढंच कडवं पुन्हा वाजवू लागतात.