दोन टक्क्यांची गोष्ट

मंडळी, सौरऊर्जेवर बोलायचं म्हटलं की लोक पॅनेलच्या किमतीपासून सुरुवात करतात. मी वीजबिलापासून करतो. बिल अमेरिकेतल्या इलिनॉयचं, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथलं. शेवटी एस लिहितात, बोलत नाहीत.

त्या बिलात अक्षय ऊर्जेसाठी एक छोटी आकारणी असते. छतावर पॅनेल असो वा नसो, ती भरावी लागते. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने 'फ्युचर एनर्जी जॉब्ज ॲक्ट' केला. गाजला तो दोन अणुवीज प्रकल्पांना दिलेल्या मदतीमुळे. सौरऊर्जेच्या तरतुदी कडेला बसून होत्या.

पण योजना हुशारीची. हजार युनिट सौरवीज तयार झाली की एक प्रमाणपत्र. पाच किलोवॅटच्या घरगुती संचाची वर्षाला साधारण सहा धरा, पंधरा वर्षांची झाली नव्वद. ही सगळी प्रमाणपत्रं वीज कंपनीने त्या आकारणीच्या पैशातून आधीच विकत घ्यायची आणि छोट्या संचाचे पैसे, संच सुरू झाला की, एकरकमी द्यायचे. खरेदी टप्प्याटप्प्याने: एक टप्पा भरला की पुढच्याला दर थोडा कमी.

२०१९ च्या सुरुवातीला नोंदणी उघडली आणि २०२० सरेपर्यंत छतावरच्या संचांचे टप्पे भरून गेले. पॅनेल होते, बसवणारे होते, गिऱ्हाईकही दारात होतं. आडवा आला तो एक आकडा. या आकारणीमुळे बिल सुमारे दोन टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये, असं कायद्यातच लिहिलेलं. तो बदलायचा तर पुन्हा विधिमंडळ, पुन्हा वाटाघाटी, आणि तोवर शिड्या भिंतीला टेकवून बसायचं. १५ सप्टेंबर २०२१ ला गव्हर्नर प्रिट्झकर यांनी नव्या कायद्यावर सही केली, मर्यादा ४.२५ टक्के झाली आणि डिसेंबरात टप्पे पुन्हा उघडले. २०५० पर्यंत शंभर टक्के स्वच्छ वीज वगैरे घोषणाही त्यात आहेत. मला तो सव्वाचारचा आकडा जास्त बोलका वाटतो.

आपल्याकडे सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार मिळतात, ते केंद्राच्या तिजोरीतून. बिलावर त्याची ओळ नसते, म्हणून शेजारी विचारत नाही की तुझ्या छताचे पैसे मी का भरू? इलिनॉयमध्ये भाडेकरू हे विचारू शकतो, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. त्याच्यासाठी सामुदायिक सौर प्रकल्पातला वाटा आहे, आणि कमी उत्पन्नाच्या घरांसाठी 'सोलर फॉर ऑल'.

नेट मीटरिंगबद्दल, म्हणजे छतावरची जास्तीची वीज ग्रिडमध्ये सोडून बिलात वजावट घेण्याबद्दल, चिठ्ठी आली आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नव्या ग्राहकाला ग्रिडमध्ये सोडलेल्या युनिटमागे फक्त वीजपुरवठ्याचा दर वजा मिळतो, वहनाचा नाही. बदल्यात वीज कंपनी संचाच्या दर किलोवॅटमागे ३०० डॉलर देते. सौदा कुणाला परवडतो, ते त्याच्या घरी दिवसा किती वीज लागते त्यावर ठरतं.