आधी पाणी, मग बटण

(दृश्य : पहाट. ग्वाल्हेरचा किल्ला, उरवाई दरवाज्याकडचा कडा)

हा कडा वालुकाश्माचा. १५व्या शतकात याच्याच अंगातून तीर्थंकरांच्या उंच मूर्ती घडल्या. छिन्नी, हातोडा आणि माणसाचे हात, एवढ्यावर.

(दृश्य : शहराबाहेरची शेड. मधोमध अर्धवट झालेलं तुळशीवृंदावन)

दगड आजही वालुकाश्मच. हातात मात्र यंत्र आलंय. जनकगंजातल्या एका वाड्यासाठी हे वृंदावन तयार होतंय. काका घडवतात, पुतण्या पॉलिश करतो. तीन पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, पण शेडमध्ये हाक मराठीतच.

(दृश्य : पुतण्या गळ्यातला गमछा काढून खुंटीला अडकवतो)

पहिलं काम हे. फिरत्या यंत्राजवळ लोंबतं कापड नको. बाह्या आवळल्या, गॉगल आणि कानाचे मफ चढले. मग एन-९५ मास्क, नाकावरची पट्टी दाबून नीट बसवलेला. दाढीवर तो घट्ट बसत नाही, म्हणून कामाच्या दिवशी दाढी करूनच यायचं, हा काकांचा नियम. नाकाला गमछा गुंडाळून काम करणारे आम्ही कितीतरी पाहिले. त्या विणीतून बारीक धूळ सहज आरपार जाते.

(दृश्य : भिंतीवरचा बोर्ड, बोट टेस्टच्या बटणावर. खट्!)

हा आवाज रोज सकाळी ऐकू यायलाच हवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पाणी आणि वीज एकाच ओट्यावर असताना गळतीचा प्रवाह ओळखून तो वीज तोडतो. बटण दाबल्यावर त्यानं वीज तोडली नाही, तर त्या दिवशी यंत्र लागत नाही.

आता वायर बघा. सॉकेटच्या खाली तिला मुद्दाम झोळ दिलाय. वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी येतो आणि तिथूनच जमिनीवर पडतो.

(दृश्य : पॉलिशरच्या मधून पाणी येतं, पॅडभोवती पांढरा गाळ पसरतो)

हे वेट पॉलिशर. नळीचं पाणी पॅडच्या मधूनच दगडावर येतं. साध्या ग्राइंडरवर बादलीनं पाणी मारायचं नाही. त्याची मोटर पाण्यासाठी बनलेलीच नाही, शॉक बसतो. पॅडच्या पाठीवर कमाल वेग छापलेला असतो आणि यंत्राचा वेग त्याच्या आत लागतो. चार इंची साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशचे पॅड तेवढ्यासाठी नसतात.

“पाणी सोड आधी!” काकांचा आवाज. पुतण्यानं ऐकण्याआधीच नळ उघडलाय.

पॅड ५० चा, मग १००, २००, ४००. आकडा जितका मोठा, तितका पॅडचा दाणा बारीक. दर वेळी मागच्या पॅडचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा लावायचा नाही, आणि मध्ये दगड धुऊन घ्यायचा. एक जाड कण राहिला तरी तो नवी रेघ ओढतो. जोर द्यायचा नाही, यंत्राचं वजन पुरतं. पॅड सपाट ठेवायचा. कड टेकली की दगडात खळगा पडतो आणि हाताला झटका बसतो. ग्रॅनाइट ३००० पर्यंत नेला की त्यात चेहरा दिसतो. वालुकाश्माला तसा आरसा येत नाही. ४०० वर तो रेशमासारखा लागतो, आणि अंगणातल्या वृंदावनाला तेच शोभतं.

(दृश्य : पणतीचा कोनाडा, आत बोटं)

इथं पॅड पोचत नाही. ओला पॉलिश पेपर, दोन बोटं आणि तासभर वेळ.

(दृश्य : दुसऱ्या ठिकाणचं कोरडं काम. पांढरा ढग)

वालुकाश्मात मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका असतं. कोरडा घासला की त्याची न दिसणारी धूळ फुफ्फुसात खोल बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ नं तो अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवायलाच हवा असा, रोग ठरवला होता.

(दृश्य : पुन्हा शेड. संध्याकाळ)

गाळ ओला आहे तोवरच उचलायचा. वाळला की पुन्हा धूळच. म्हणून इथं कोरडा झाडू चालत नाही आणि कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारायला बंदी आहे. पुतण्या गाळ घमेल्यात भरतो, फरशी धुतो आणि कामाचे कपडे शेडमध्येच भिजत टाकतो. घरी लहान मुलगी आहे, दारातच कडेवर येते.

काका वृंदावनावरून तळहात फिरवतात. एका कोपऱ्याशी थांबतात.

“इथं उद्या पुन्हा २०० लाव.”